निरोपाच्या दिवशी रामटेक

गेल्या महिन्यात भाची आली ती नवी कोरी बॅग ओढतच. माझ्या भावाची मुलगी. रामदासपेठेतल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते, आणि सुट्टी टाकून पंधरा दिवसांसाठी नेपाळला निघाली होती. तिथल्या एका अनाथाश्रमात मुलांना चित्रकला शिकवायची, भिंती रंगवायच्या, खेळ घ्यायचे, असा बेत होता. "आत्या, तू तर अशाच जागी कामाला होती न? पोरांसाठी काय काय नेऊ सांग."

"नेलकटर ने," मी म्हटलं. "चांगली चार-पाच. अन् रंग नको नेऊ."

तिला वाटलं, आत्याला गंमत सुचली आहे. गंमत नव्हती. पण विमानाची वेळ झालेल्या माणसाला उपदेश करू नये, एवढी अक्कल मला या वयात आली आहे. तिला डबा दिला, रिक्षात बसवलं आणि घरात येऊन बसले, तर दिवसभर कशातच लक्ष लागेना. इतकी वर्षं झाली, तरी आमचा आश्रम आठवला की आधी लाकूड कापणाऱ्या आरामशिनींचा आवाज कानात येतो आणि त्याच्या मागून मुलांचा.

आश्रम लकडगंजला होता, लाकडाच्या वखारींच्या मागच्या गल्लीत. तीसेक मुलं, त्यात मुलीच जास्त. दिवसभर शेजारी लाकूड कापणं चालायचं, त्यामुळे आमच्याकडे सगळे ओरडूनच बोलायचे आणि नव्या पाहुण्यांना वाटायचं, इथं सारखी भांडणं होतात. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. बी.ए. झालेली, परीक्षांमागून परीक्षा देणारी आणि एकीतही न लागणारी. आश्रमाच्या अधीक्षक बाईंना, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत, इंग्रजी बोलणारी एक मुलगी हवी होती. माझं इंग्रजी कसं होतं ते मलाच माहीत. पण वासरात लंगडी गाय शहाणी. मला ठेवून घेतलं.

इंग्रजी हवं होतं ते परदेशी पाहुण्यांसाठी. दिवाळी झाली, हवेत जरा गारवा आला, की ते यायचे. कोणी महिनाभर, कोणी तीन-चार महिने. स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या सुट्ट्या घालून, पार जगाच्या दुसऱ्या टोकाहून आमच्या पोरांसाठी येणारी ही माणसं मनानं फार चांगली होती. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांची थट्टा करणार आहे. आल्या आल्या ती अंगणातली भिंत रंगवायची. सूर्य, इंद्रधनुष्य, हातात हात घातलेली पोरं. रंगवताना फोटो, रंगवून झाल्यावर फोटो. दर वर्षी नवे पाहुणे आणि भिंत मात्र एकच, तेव्हा दिवाळीच्या सफाईत आम्ही जुन्या सूर्यावर चुना मारून भिंत पुन्हा कोरी करून ठेवायचो. स्वयंपाक करणाऱ्या मावशी तेव्हा हमखास म्हणायच्या, "मारा चुना. पाहुणे आले अन् भिंत खाली नसली तं बिचारे करतीन काय?"

मावशींचं तोंड असं चालायचं आणि हात त्याहून जोरात. चौऱ्याहत्तर पोळ्या लाटून झाल्यावरही त्यांच्या बोलण्यातली फोडणी कमी होत नसे. त्या आश्रमात मी जे काही शिकले त्यातलं निम्मं त्यांच्या चुलीपाशी उभं राहून शिकले.

पाहुणे येण्याचा त्रास नव्हता. त्रास होता त्यांच्या जाण्याचा. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात एक तरुण जोडपं दोन महिने राहिलं आणि गेलं. फाटकाशी रिक्षा आली, मिठ्या झाल्या, आणि रिक्षा सुरू झाली तशी सगळी पोरं तिच्या मागे धावली. वखारींच्या गल्लीत, लाकडाच्या ट्रकांमधून, अनवाणी. आम्ही तिघी त्यांच्या मागे. एकाला ताप भरला, दोघी तीन दिवस नीट जेवल्या नाहीत, आणि मोठ्या मॅडम आपल्या खोलीत दार लावून बसल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे सुजले होते. मला म्हणाल्या, "मला हे पाहवत नाही. पुढच्या वेळी काहीतरी तोड काढ बाई."

तोड मी काढली. मीच. पुढच्या पाहुण्यांचा जायचा दिवस आला, तशी मी मिनीबस सांगितली आणि सगळ्या पोरांना सकाळीच रामटेकला सहलीला नेलं. गडावर माकडं, खाली खिंडसीच्या तलावात बोट, झाडाखाली पुरी-भाजी. संध्याकाळी दमून परत आलो तोवर पाहुणे विमानात. खाट रिकामी, चादर धुऊन दोरीवर. एकदोघांनी विचारलं, "ते कुठं गेले?" मी म्हटलं, "कामाले गेले, येतीन." संपलं. कोणी रडलं नाही, कोणी धावलं नाही. सापही मेला आणि काठीही मोडली नाही. मोठ्या मॅडमनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मला वाटलं, आपल्यासारखं शहाणं आपणच.

तेव्हापासून आश्रमाची ती रीतच झाली. पाहुणा जाणार म्हटलं की रामटेक.

धाकटी आली ती माझ्या तिसऱ्या दिवाळीच्या सुमाराला. तिला सगळे धाकटीच म्हणत, कारण तेव्हा तीच सगळ्यांत लहान होती. साडेचार वर्षांची. कुठून आली, कशी आली, ते मी लिहिणार नाही. ती तिची गोष्ट आहे. एवढंच सांगते की ती बोलत नव्हती. मुकी नव्हती, डॉक्टरांनी तपासलं होतं. ऐकायची, सांगितलेलं करायची, ताटातलं खायची, पण तोंडातून शब्द नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. मोठ्या मॅडम गोड बोलून थकल्या, मी गाणी म्हणून थकले. मावशी म्हणाल्या, "राहू द्या तिले. पोट्टी पाहून राहिली आपल्याले. पाहणं झालं का बोलीन."

त्याच हिवाळ्यात पोस्टवाली आली. पन्नाशी ओलांडलेली, उंच, हाडापेरानं दणकट बाई. कुठल्याशा समुद्राकाठच्या थंड देशात तिनं आयुष्यभर दारोदार टपाल वाटलं होतं आणि आता निवृत्त झाली होती. मी हे पोरांना सांगितलं आणि त्यांनी तिचं नाव ठेवलं पोस्टवाली ताई. तिनं भिंतीकडे एकदा पाहिलं, रंगाच्या डब्यांकडे एकदा पाहिलं, आणि मला विचारलं, "इथं रोजचं काम काय असतं?" मी गोंधळलेच. हा प्रश्न तोवर कोणी विचारला नव्हता. मी तिला मावशींकडे नेलं. मावशींनी तिच्या पुढ्यात तुरीच्या ओल्या शेंगांचं टोपलं ठेवलं आणि एक शेंग सोलून दाखवली.

ओल्या तुरीच्या दाण्यांना आमच्याकडे सोले म्हणतात. थंडीत सोल्यांचा भात आणि सोल्यांची आमटी हे आमचं सुख. पण तीस पोरांपुरते सोले काढायचे म्हणजे बोटं हिरवी होतात आणि कंबर धरते. पोस्टवाली रोज दुपारी मागच्या ओट्यावर पाय पसरून बसायची आणि शेंगा सोलायची. शनिवारी पोरांची नखं कापायची. एकेक पोर पुढ्यात बसवून, वीसच्या वीस नखं, काही घाई नाही. मराठी ती मावशींकडून शिकली, त्यामुळे माझ्यासारखं पुस्तकी न बोलता थेट "मले चाय दे" म्हणायची. पोरं पोट धरून हसायची आणि ती पुन्हा म्हणायची.

धाकटी आधी लांब खांबाला टेकून उभी राहायची. मग ओट्याच्या पायरीवर. मग टोपल्याच्या पलीकडे. मग एक दिवस तिनं स्वतःच एक शेंग उचलली. दोघींमध्ये एका अक्षराची देवाणघेवाण नाही. त्या बाईला आमची भाषा जेमतेम येत होती आणि ही बोलत नव्हती, तेव्हा दोघींचं बरोबर जमलं. संक्रांत झाल्यावरची गोष्ट. मी वह्या तपासत तिथंच बसले होते. धाकटीनं एक शेंग उघडली, आत पाहिलं, पोस्टवालीच्या नाकापुढे धरली आणि म्हणाली, "हे किडकं हाय."

एवढंच. आवाज किंचित घोगरा. मी तर हातातली वही तशीच धरून बसले. पोस्टवालीनं शेंग घेतली, आतली अळी नीट पाहिली, मान हलवली आणि म्हणाली, "हो. फेक." आणि दोघी पुन्हा सोलायला लागल्या. आत मावशी पदरानं डोळे पुसत होत्या आणि मला खूण करत होत्या, की गप बस, बोभाटा करू नको.

त्यानंतर ती बोलायला लागली, पण बोलायची पोस्टवालीशीच. रात्री तिच्याच खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन झोपायची आणि सकाळी तिच्या चपला पायात घालून अंगणभर फटक फटक फिरायची. फेब्रुवारी संपत आला, उन्हं तापायला लागली, आणि पोस्टवालीचा जायचा दिवस ठरला. मी मिनीबस सांगितली.

आदल्या दिवशी दुपारी पोस्टवाली माझ्याबरोबर मोठ्या मॅडमच्या खोलीत आली. तिनं मला सांगितलं, हे मॅडमना नीट समजावून सांग. "मी तीस वर्षं लोकांच्या दारात गेले. वाईट बातमीची पत्रंसुद्धा मी हातात दिली, टाकून पळाले नाही. मी जाणार आहे हे त्या मुलीला मला सांगू द्या. ती रडेल. रडू द्या. मी तिच्याजवळ बसेन."

मोठ्या मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना इंग्रजी फारसं समजत नसे. आणि मी म्हटलं, "त्यांना फार वाईट वाटतंय. मुलीची काळजी घ्या म्हणतात."

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. भाचीलाही नाही. मी खोटं बोलले असं म्हणता येणार नाही, पण खरंही बोलले नाही, आणि दोघींच्या मध्ये उभी असलेली मी एकटीच होते जिला दोन्ही बाजू कळत होत्या. मला वाटलं, ही चार महिन्यांची पाहुणी, हिला काय कळतंय आमच्या पोरांचं? मला माझी तोड मोडू द्यायची नव्हती. मॅडम म्हणाल्या, "सांग त्यांना, आम्ही आहोत." ते मात्र मी अक्षरशः सांगितलं.

रामटेकला धाकटी पहिल्यांदाच आली होती. माकडांना घाबरली, बोटीत माझ्या मांडीवर बसली, आणि परतताना रस्त्याकडेला मुलींनी बोरं वेचली तेव्हा तिनंही फ्रॉकचा ओचा भरून घेतली. एकही खाल्लं नाही. बस थांबली तशी सगळ्यांच्या आधी उतरून ती ओचा सावरत पळाली. मी मागून गेले तेव्हा ती रिकाम्या खाटेखाली वाकून पाहत होती. मग न्हाणीघरात पाहिलं. पाण्याच्या टाकीमागे पाहिलं. मागच्या ओट्यावर पाहिलं. रडली नाही, कोणाला विचारलं नाही. परत खोलीत आली, बोरं त्या खाटेवर ओतली आणि जाऊन झोपली. उन्हाळाभर ती पुन्हा बोलली नाही.

पोस्टवालीचं पहिलं कार्ड एप्रिलमध्ये आलं. वर समुद्राचं चित्र, खाली धाकटीसाठी चार ओळी. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "आता कुठं विसरतेय बिचारी. कशाला खपली काढायची?" मी मान डोलावली. कार्ड कपाटात गेलं. मग दुसरं, तिसरं. टपाल वाटणारी बाई, नेमानं पाठवायची. आम्ही नेमानं कपाटात ठेवायचो.

धाकटी हळूहळू पुन्हा बोलायला लागली, ती या खेपेला माझ्याशी. आधी हो-नाही, मग अख्खी वाक्यं, मग इतकं की मावशी म्हणायच्या, "बाप्पा! हिचं बटन कुठं हाय?" शाळेत जायला लागली. चालताना माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरायची, स्वयंपाकघरात, बाजारात, अगदी मी फोनवर बोलत असले तरी. माझ्या सगळ्या ओढण्यांची डावीकडची टोकं चुरगळलेली असत. मी वरवर कुरकुर करायची आणि आतून सुखावायची. पुढच्या दोन हिवाळ्यांत पाहुणे आले, गेले. रामटेकच्या सहली झाल्या. धाकटी निमूट बसमध्ये बसायची. मला वाटायचं, रुळली.

आणि मग मी एका परीक्षेत लागले. सरकारी कारकून, यवतमाळला. घरी पेढे वाटले गेले. आईनं तर जिन्यातल्या मांजरालाही सांगितलं असेल. मीही नाचले, खोटं कशाला बोलू? फक्त आश्रमात सांगताना जीभ जड झाली. मोठ्या मॅडम आनंदल्या, मग म्हणाल्या, "पोरांना नको कळू देऊ. विशेषतः तिला. मी रामटेकची बस सांगते."

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. उलट मला हायसं वाटलं. तिचा चेहरा पाहावा लागणार नाही, या विचारानं मला हायसं वाटलं, हे मी आज लाज वाटूनच लिहिते आहे.

दसरा झाला होता. आदल्या संध्याकाळी मोठ्या मुलींनी मला धरून बसवलं आणि दोन्ही हातांवर मेंदी काढली. त्या पाहुण्यांच्या हातांवरही अशीच काढायच्या. हौस म्हणून, असं मी समजत होते. सकाळी मिनीबस फाटकाशी लागली. पोरं चढली, खिडक्यांसाठी भांडली, गाणं सुरू झालं. मी खाली उभी राहून डोकी मोजली. एक कमी.

धाकटी फाटकाच्या आत पायरीवर बसली होती. बूट काढून बाजूला ठेवले होते. सात वर्षांची होती तेव्हा, पुढचे दोन दात पडलेले.

"चाल वं, बस सुटून राहिली," मी म्हटलं.

"कोण जाऊन राहिलं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही. सहल हाय."

"मंग मी नाही येत."

"काहून?"

"रामटेकले नेलं का कोणी तरी जाते," ती म्हणाली. "या वेळी पाहुणे तं आलेच नाही. मंग कोण हाय? मावशी का तू?"

बसमधलं गाणं थांबलं होतं. सगळ्यांत मोठी, तेरा वर्षांची मुलगी खाली उतरली आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, सांगून टाका न तिले. आमाले सगळ्याइले माहीत असते."

"काय माहीत असते?"

"रामटेक म्हणजे कोणी तरी चाललं. म्हणून तं आदल्या दिवशी आमी मेंदी काढतो."

मी हाताकडे पाहिलं. मेंदी छान रंगली होती.

"मंग दर वेळी जाता काहून?" मी कसंबसं विचारलं.

"मोठ्या मॅडमले रडणं पाहवत नाही न," ती म्हणाली, अगदी समजुतीनं, लहान मुलाला सांगावं तसं. "अन् तुमी बी खुश राहता. म्हणून जातो." आणि वर, "बोटीत बी बसाले भेटते."

पाच वर्षं मी समजत होते की मी त्यांना सांभाळते आहे. ती तीस पोरं दर हिवाळ्यात बसमध्ये बसून, गाणी म्हणून, पुरी-भाजी खाऊन आम्हाला सांभाळत होती. मला इतकी शरम वाटली की मी तिथंच, धाकटीच्या शेजारी, खाली बसले.

"मी जाऊन राहिली," मी म्हटलं. "यवतमाळले. मले नोकरी लागली."

"आज?"

"आज. दुपारच्या बसनं."

ती बुटाच्या नाडीशी खेळत राहिली. मग म्हणाली, "पोस्टवाली बी अशीच गेली? आमी बोटीत होतो तवा?"

"हो. तिले सांगाचं होतं तुले. लई सांगाचं होतं. मीच सांगू देल्लं नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तेवढ्यात मागे किल्ल्यांचा आवाज झाला. मोठ्या मॅडम केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. त्या आत गेल्या, आणि आल्या तेव्हा हातात कार्डांचा गठ्ठा होता. तो त्यांनी धाकटीच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "चुकलं गं बाळा आमचं." मोठ्या मॅडमना मी त्याआधी कोणाची माफी मागताना पाहिलं नव्हतं.

मी एकेक कार्ड वाचून मराठीत सांगितलं, एकही शब्द न गाळता. समुद्राला आज भरती आहे. माझ्या मांजरीला चार पिल्लं झाली. तुझी नखं कोण कापतं? इथं तुरीच्या शेंगा मिळत नाहीत, मटार सोलते आणि तुझी आठवण काढते. तुला न सांगता मी आले, त्याचं मला फार वाईट वाटतं. धाकटी प्रत्येक कार्डाचं चित्र नीट पाहायची आणि गठ्ठ्याच्या खाली सरकवायची. उत्तर आम्ही पुढे लिहिलं, त्याचं उत्तरही आलं. पण तो त्या दोघींचा मामला.

सगळी वाचून झाली तेव्हा तिनं विचारलं, "तू कार्ड पाठवशीन का येशीन?"

"येईन."

"कधी?"

पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी, मी म्हटलं. तेव्हा सरकारी ऑफिसला सुट्टी असते. तिला दुसरा शनिवार समजेना. मावशींनी स्वयंपाकघरातलं कॅलेंडरच उतरवून आणलं आणि कोळशानं त्या तारखेभोवती गोल काढला. धाकटीनं आजच्या तारखेपासून, मधे पान उलटून, तिथवर बोट फिरवत नेलं आणि बूट घालायला लागली.

रामटेकचं काय करायचं? बस आलेली, पुऱ्या तळलेल्या. शेवटी मोठ्या मुलींनीच ठरवलं. अख्खी मिनीबस आधी गणेशपेठच्या बसस्टँडवर गेली आणि माझ्या एसटीभोवती तीस पोरं उभी राहिली. कंडक्टर आ वासून बघत राहिला. "एवढे सारे पोट्टे तुमचेच काय वं बाई?" मी हो म्हटलं. बस हलली आणि धाकटी रडली. त्या पोरीला मी तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं. तोंड उघडून, नाक वाहत, स्टँड दणाणून सोडेल अशा आवाजात ती रडली, आणि तिच्याबरोबर सगळी. मोठ्या मॅडम फलाटावर उभ्या राहून ते सगळं पाहत होत्या आणि त्यांनी तोंड फिरवलं नाही. मी खिडकीतून बाहेर पडायची बाकी राहिले होते. बुटीबोरीपर्यंत माझे डोळे थांबले नाहीत. मग ते लोक रामटेकला गेले आणि मावशी नंतर सांगत होत्या, पुरी एकही उरली नाही.

तो दुसरा शनिवार उजाडला तेव्हा नव्या नोकरीला तीन आठवडे झाले होते. आदल्या दिवशी साहेब म्हणाले, "उद्या थोडं काम आहे, या." नव्या कारकुनानं अशा वेळी काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "नाही जमणार सर." त्या ऑफिसातलं माझं नाव त्या दिवसापासून खराब झालं ते बदली होईपर्यंत. पहाटेची बस धरली. ती वाटेत पंक्चर झाली. सबंध रस्ताभर माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. ती सकाळपासून फाटकाशी उभी असेल, गल्लीच्या तोंडाकडे नजर लावून. प्रत्येक रिक्षाला पुढे होऊन बघत असेल. काय बोलायचं, उशिराची माफी कशी मागायची, ते मी मनातल्या मनात घोकत होते. लकडगंजला उतरले ती जवळजवळ पळतच निघाले.

फाटकाशी कोणी नव्हतं.

आत पाऊल टाकलं तर अंगणात चार-पाच मुली बिल्लस खेळत होत्या. खडूनं चौकोन आखलेले, आणि मधल्या चौकोनात एका पायावर धाकटी. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"आली काय?" ती म्हणाली, आणि लंगडत पुढच्या चौकोनात गेली.

खरं सांगते, मला लागलं. एवढ्या लांबून आले, साहेबांशी वाईटपणा घेतला, आणि पोरीला माझं काहीच नाही? मावशी दारात उभ्या होत्या. त्यांना माझा चेहरा वाचता येत असे. म्हणाल्या, "सकाळपासून दहा वेळा म्हटलं तिले, फाटकापाशी जाऊन पाय, ताई आली का. तं म्हणते कशी, कायले पाहू? आज दुसरा शनिवार हाय. येतेच न ते."

मी पिशवी खाली ठेवली. धाकटीनं खापरी पुढच्या घरात टाकली, नेम बरोबर लागला, मुली ओरडल्या. मी पायरीवर बसले आणि तिचा डाव संपायची वाट पाहत राहिले.